वाचकांचे प्रश्न : न घेतलेलं पाणी, न झालेला आजार

प्रश्न : तत्त्वज्ञानात पीएच. डी. साठी ‘पाश्चात्त्य जलकायदा, मालकीचं तत्त्वज्ञान आणि प्रतिबंधात्मक आरोग्य’ असा विषय मी घेऊ पाहते आहे. मार्गदर्शक म्हणतात, तिन्ही विषय तीन दिशांना धावतात. ते एका धाग्यात कसे ओवायचे?
(संशोधक विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : आधी शीर्षकातला ‘पाश्चात्त्य’ हा शब्द काढा. इंग्रजी ग्रंथांत जो ‘वेस्टर्न’ जलकायदा भेटतो तो साऱ्या पाश्चात्त्य जगाचा नाही. तो अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांचा आहे : कोलोरॅडो, वायोमिंग, युटा, नेवाडा आणि त्यांचे शेजारी. पूर्वेकडच्या पाऊसमान चांगलं असलेल्या राज्यांत इंग्लंडहून आलेला काठाचा नियम चालतो. ज्याची जमीन नदीला लागून, त्याला वाजवी वापराचा हक्क. पश्चिमेत सोन्याच्या खाणींना नदीपासून दूरवर चर खणून पाणी न्यावं लागलं, तिथे काठाचा नियम निरुपयोगी ठरला. ‘जो आधी वापरेल त्याचा हक्क आधी’ ही रीत पडली. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने १८५५ मध्ये ‘अर्विन विरुद्ध फिलिप्स’ खटल्यात ती मान्य केली आणि कोलोरॅडोने १८८२ मध्ये ‘कॉफिन विरुद्ध लेफ्ट हँड डिच कंपनी’ खटल्यात काठाचा नियम साफ नाकारला.

तुमचा धागा याच कायद्यात आहे. इथे हक्क जन्मतो तो ‘लाभदायक वापरा’तून, आणि पाणी बरीच वर्षं वापरलं नाही तर तो जाऊही शकतो. त्यामुळे काटकसर करायला शेतकरी कचरतो. नदीत वाहू दिलेलं पाणी तर फार काळ ‘वापर’ या व्याख्येतच बसत नव्हतं. कोलोरॅडोने १९७३ मध्ये कायदा करून नदीत पाणी राखण्याचा हक्क एका सरकारी मंडळाला दिला, तेव्हा कुठे माशांसाठी राहिलेल्या पाण्याची नोंद होऊ लागली. आता आरोग्याकडे या. गावात यंदा गॅस्ट्रोची साथ आली नाही, तर ते श्रेय कोणत्या रजिस्टरात चढतं? जेफ्री रोझ या साथरोगतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात हाच पेच मांडला : जो उपाय समाजाला मोठा लाभ देतो, त्यातून एकेकट्या माणसाच्या पदरात फार थोडं पडतं. आणि जॉन लॉक सतराव्या शतकातच सांगून गेले की झऱ्याचं पाणी सगळ्यांचं, पण घागरीत भरलेलं भरणाऱ्याचं. मात्र इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे, ही अटही त्यांनीच घातली. ‘तितकंच चांगलं’ हे शब्द अधोरेखित करा. वरच्या गावाने पाणी घेतलं, वापरलं आणि गढूळ करून सोडलं, तर खालच्या गावाला ‘पुरेसं’ मिळेल, ‘तितकंच चांगलं’ नाही. मालकीचा प्रश्न तिथे आरोग्याचा होतो.

म्हणून प्रश्न एकच ठेवा : न घेतलेल्या पाण्याचा आणि न झालेल्या आजाराचा हिशेब कोण ठेवतं? त्यासाठी एक नदी, एक खटला आणि एक प्रतिबंधक उपाय एवढंच घ्या. चौथी गोष्ट घेतलीत की प्रबंध पसरलाच.

एककांत गल्लत होऊ देऊ नका. तिकडे एकर-फूट (एक एकरावर फूटभर उभं राहील एवढं पाणी), इकडे टीएमसी (अब्ज घनफूट) आणि दलघमी (दशलक्ष घनमीटर). १ एकर-फूट म्हणजे सुमारे १,२३३ घनमीटर. १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी, म्हणजेच जवळपास २२,९५७ एकर-फूट. कोलोरॅडो नदीच्या १९२२ च्या कराराने वरच्या आणि खालच्या खोऱ्याला प्रत्येकी वर्षाला ७५ लाख एकर-फूट दिलं, म्हणजे सुमारे ३२७ टीएमसी. ते आकडे चांगल्या पावसाच्या वर्षांवरून धरले होते. नदीत तेवढं पाणी दर वर्षी येत नाही, आणि तिथली आजची ओढाताण बरीचशी त्यातूनच आली आहे.

प्रश्न : अमेरिकेत पहिला हक्क पहिल्याचा, असं वाचलं. मग आमची धरणं वरच्या अंगाला असताना जायकवाडीला पाणी का सोडायचं?
(द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका)

उत्तर : ‘वरचा’ आणि ‘पहिला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी पश्चिमेच्या नियमात जागा बघत नाहीत, तारीख बघतात. समजा नदीत ३० क्युसेक, म्हणजे सेकंदाला ३० घनफूट पाणी आहे. अ चा हक्क १८७० चा, २० क्युसेकचा. ब चा १८८५ चा, १५ चा. क चा १९०० चा, १० चा. अ ला पुरे २० मिळतील, ब ला १० आणि क ला थेंबही नाही. क ची जमीन सगळ्यात वर असली तरी अ ने मागणी नोंदवली की क ला आपल्या चराचं दार बंद करावं लागतं.

हाच नियम गोदावरीला लावून बघा. वरच्या अंगाला नाशिककडची धरणं : दारणा १९१६ चं, गंगापूर १९६५ चं. खालच्या अंगाला मराठवाड्यातलं जायकवाडी, १९७६ चं. दारणा-गंगापूरचे लाभधारक जायकवाडीच्या आधी येतील, हे खरं. पण मुकणे, भावली ही नंतरची धरणं जायकवाडीच्या मागे जातील आणि टंचाईत त्यांना शून्यावर यावं लागेल. बागायतदारांना हा सौदा परवडेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडे वाट वेगळी आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२(६)(ग) नुसार टंचाईची झळ खोऱ्यातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायची. प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०१४ च्या आदेशात १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा आहे का, ही कसोटी आली; नसेल तर वरून पाणी सोडायचं. आकड्यांवर जरूर भांडा, पण ‘आम्ही वर आहोत’ हा मुद्दा या दोन्हींपैकी कोणत्याच कायद्यात टिकत नाही.

याहून जुनं उत्तर आपल्याच जिल्ह्यात, बागलाणात मोसम नदीच्या काठी आहे. फडपद्धतीत बंधाऱ्याखालची जमीन साधारण चार फडांत विभागतात. प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असतो आणि एका फडात एकच पीक घेतात. नदीला पाणी कमी आलं की एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तूट सगळ्यांच्या वाट्याला येते. बारी, म्हणजे पाण्याची पाळी, पाटकरी देतो, शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचं नाही. मला ही वाटणी जास्त न्याय्य वाटते. अमेरिकी नियमाची एक जमेची बाजू मात्र मान्य केली पाहिजे : कर्ज काढून बाग उभी करणाऱ्याला आपला नंबर कितवा, हे आधीच कळतं.

प्रश्न : विहिरीत नियमित टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो, तरी क्लोरीन तपासायच्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत पिवळा रंग येत नाही. चूक कुठे होते?
(जलसुरक्षक, पेठ तालुका)

उत्तर : बहुधा मापात किंवा पावडरीत. ताज्या टीसीएलमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की ते उडून जातं आणि उरतो तो चुना. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नका.

आता माप. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४, गुणिले १,०००, म्हणजे लिटर. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असेल तर ३७,६८० लिटर. स्वच्छ पाण्याला १,००० लिटरमागे अडीच ग्रॅम धरा, म्हणजे ९४ ग्रॅम. पहिल्या पावसात पाणी गढूळ होतं, तेव्हा हा हिशेब कोसळतो, कारण क्लोरीन आधी घाणीवरच खर्च होतं. तेव्हा किती पावडर लागेल ते हॉरॉक्स संचाने काढा; त्यात ओळीने वाढत्या मात्रेचे पेले असतात आणि पहिला निळा होणारा पेला मात्रा सांगतो. तिसरा पेला निळा झाला तर ४५५ लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे याच विहिरीला जवळपास ५०० ग्रॅम लागतील. पाचपटीहून जास्त.

पावडर कोरडी फेकू नका. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त घ्यायची नाही. आधी थोड्या पाण्यात लापशी करा, मग पाऊण बादली भरून ढवळा आणि ५ ते १० मिनिटं चुना बसू द्या. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या बादलीत घ्या. ती दोराने पाण्याखाली सोडून वरखाली आणि आडवी जोरात हलवा. तळचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं.

तासभर कुणी पाणी भरायचं नाही. पंप रोज पहाटे लावत असाल तर रात्रीच औषध टाका. तासानंतर विहिरीत मोकळं क्लोरीन लिटरला अर्धा मिलिग्रॅम हवं. ओटीचा रंग १० सेकंदांच्या आत बघा, उशिरा येणारा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा नसतो. आणि नमुना टाकीखालच्या नळाचा घेऊन थांबू नका. वस्तीतल्या शेवटच्या घराच्या नळाला ०.२ मिलिग्रॅम मिळालं पाहिजे. तिथे रंग आला नाही तर डोस वाढवण्याआधी मधली पाइपलाइन गटाराजवळ कुठे फुटली आहे का, ते चालत जाऊन बघा.