उतारावर गाडी आपोआप पळाली, मग चलान कसं?

प्रश्न : ताई, गेल्या महिन्यात मुलीकडे पनवेलला जाताना द्रुतगती मार्गाने खंडाळ्याचा घाट उतरत होतो. घाटात मोटारींना ताशी 60 किलोमीटरची मर्यादा आहे हे ठाऊक असल्यामुळे लोणावळा सोडल्यावर क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) 58 वर लावला होता. ॲक्सिलरेटरला पायसुद्धा लावला नाही. तरी 74 चा वेग दाखवून 2,000 रुपयांचं ई-चलान आलं. गाडी उताराने पळाली, मी पळवली नाही. दाद मागता येईल का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : काका, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. गाडी 74 वर गेली असणार, हेही मला पटतं. आपल्याकडच्या बहुतेक मोटारींमध्ये जो साधा क्रूझ कंट्रोल असतो, त्याला फक्त पेट्रोल कमी-जास्त करता येतं. वेग पडला की वाढवायचं, वेग चढला की तोडायचं, एवढंच त्याचं काम. ब्रेक त्याच्या हातात नसतो. सपाटीवर तेवढ्यावर भागतं. घाटात मात्र पेट्रोल पार तोडलं तरी गाडी वेग घेत राहते. पुढच्या गाडीचं अंतर बघून चालणारा रडारवाला क्रूझ असतो तो ब्रेकही लावतो, पण तो महागड्या मॉडेलांत. गाडी ताब्यात देताना हा फरक कोणी समजावून सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो. वेगाची सूचना देणारा बीपही तुमच्या कामी आला नसणार. जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत तो सक्तीचा आहे, पण तो वाजायला लागतो 80 च्या पुढे.

उतार किती वेग देतो याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. ताशी 60 ने चाललेली गाडी फक्त 10 मीटर खाली उतरली आणि तिला कशाचाच विरोध झाला नाही, तर ती 78 वर पोचते. 10 मीटर म्हणजे तीन मजली इमारतीची उंची. प्रत्यक्षात हवा, टायर आणि इंजिन थोडं मागे खेचतात, म्हणून हे लगेच घडत नाही, पण वरच्या गिअरमध्ये ते खेचणं फारच कमी पडतं. आणि लोणावळा आहे सुमारे सहाशे मीटर उंचीवर, खोपोली शंभराच्याही खाली.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 मध्ये ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने गाडी चालवू नये असं आहे, आणि दंड कलम 183 खाली होतो. त्यात उताराला सूट नाही. चालकाचा हेतू काय होता, पाय कुठे होता, हेही तिथे विचारलं जात नाही. उलट रस्त्याचं स्वरूप बघून एखाद्या ठिकाणी कमी मर्यादा घालण्याचा अधिकार कलम 112 नेच सरकारला दिला आहे. सपाटीवर 100 आणि घाटात 60 ठेवली, ती उतार आणि वळणं आहेत म्हणूनच. जे मर्यादेचं कारण आहे, तेच आपण माफीचं कारण म्हणून पुढे करू शकत नाही. त्यामुळे ‘उतार होता’ एवढ्या मुद्द्यावर तक्रार करू नका, असं मी स्पष्ट सांगते.

पण चलान डोळे झाकून भरायचंही नाही. त्यातला फोटो उघडा. नंबर तुमचाच आहे का, गाडी तुमच्याच रंगाची आहे का, जागा, तारीख, वेळ आणि मोजलेला वेग नीट दिलाय का, ते बघा. 2021 च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय नियमांत 167-अ हा नियम आला. त्यानुसार कॅमेऱ्याला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं, कॅमेऱ्याने नजर ठेवली जातेय असे फलक रस्त्यावर ठळक दिसायला हवेत. यात काही चुकत असेल तर महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ‘महाट्रॅफिक’ संकेतस्थळावर फोटोसह तक्रार नोंदवा. तिथे ऐकलं नाही तर न्यायालयाचा रस्ता आहे. सगळं बरोबर असेल तर पैसे भरून मोकळे व्हा. आणि चलानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली फाइल चुकूनही उघडू नका. तसल्या फायलींतून लोकांची खाती रिकामी झाली आहेत.

मला खरी काळजी आहे ती तुमच्या पुढच्या फेरीची. घाटात ट्रक चाळिशीने उतरत असतात. तुम्ही 60 वर असाल आणि 50 मीटर पुढचा ट्रक तुमच्या लेनमध्ये आला, तर तुम्हाला नऊ सेकंद मिळतात. 74 वर असाल तर पाच. त्यात पावसाळ्यात रस्ता ओला, गाडीचं वजन पुढे ढकलतंय, म्हणजे थांबायलाही सपाटीपेक्षा जास्त अंतर लागतं. या घाटात किती गाड्या मागून ट्रकखाली गेल्या आहेत हे आम्हा खोपोलीकरांना कोणी सांगायला नको. मी इथे ड्रायव्हिंग शिकवते आणि माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला परवाना मिळाल्यावरही एकदा हा घाट माझ्यासोबत उतरायला लावते.

तर उतरायचं कसं? लोणावळा सोडलं की क्रूझ बंद. उतार सुरू व्हायच्या आधीच, गाडी हळू असताना, तिसरा गिअर टाका. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. हल्लीच्या गाड्या चौथ्यातही घाट चढतात, म्हणून मी त्याहून एक खालचा सांगते. इंजिनाचा आवाज चढेल, त्याला घाबरू नका. तो आवाज म्हणजे इंजिन गाडीला मागे धरतंय. आरपीएमचा काटा लाल पट्टीच्या खाली असला की झालं. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर मॅन्युअलला किंवा ‘एल’ला घ्या.

तरीही वेग वाढेल, तेव्हा ब्रेक. इथे बहुतेक जण पाय ब्रेकवर हलकाच ठेवून घाटभर उतरत राहतात. तसं केलं की पॅडना थंड व्हायला उसंतच मिळत नाही. काटा 60 ला टेकायला आला की ब्रेक ठाम दाबा, 50 वर आणा आणि पाय पूर्ण उचला. परत वाढला की परत दाबा. चौदाशे किलोची मोटार लोणावळ्याहून खोपोलीला उतरते तेव्हा वीस-बावीस लिटर पाणी उकळवेल इतकी उष्णता तयार होऊ शकते. त्यातली जितकी इंजिनावर आणि हवेवर जाईल तितकी ब्रेकवर कमी. खाली आल्यावर जळका, कडवट वास आला तर समजा, ब्रेकवर जास्तच गेली. अशा वेळी सुरक्षित जागी थांबून अर्धा तास गाडी उभी ठेवा. चाकावर पाणी मात्र ओतू नका. तापलेली डिस्क वाकडी होते किंवा तिला तडा जातो.

आणि कॅमेरा दिसला की करकचून ब्रेक, पुढे गेलं की परत सुसाट, हा प्रकार कृपा करून नको. मागच्याला तुमच्या मनातलं कळत नसतं.

प्रश्न : आमचे हे घाट उतरताना गाडी न्यूट्रल करतात, कधी इंजिनही बंद करतात. म्हणतात, पेट्रोल वाचतं. मला भीती वाटते.
– एक वाचिका, कर्जत

उत्तर : तुमची भीती अगदी रास्त आहे. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे हल्लीच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं पेट्रोल जवळपास बंदच होतं. इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रल केलं की मात्र ते चालू राहायला पेट्रोल पितं. म्हणजे वाचत तर नाहीच, वर इंजिनाचा आधारही जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो.

इंजिन बंद करणं तर जिवावरचा खेळ आहे. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांत रिकामा होतो, मग पेडल दगडासारखं लागतं. स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली चुकून काढली गेली तर लॉकच होतं. हे त्यांना वाचून दाखवा. तरी ऐकलं नाही तर घाटात गाडी तुम्ही चालवा. येत नसेल तर शिकून घ्या, वयाची अडचण अजिबात नसते.

जाता जाता ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, तेही त्यांना विचारा. ते हवेतला ओलावा धरतं, मग कमी उष्णतेलाच उकळतं, आणि उकळलं की पेडल सरळ खाली जातं. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. पावसाळ्याआधी बदलून घेतलं तर उत्तम.