जुनी फोर बाय फोर ऑफ-रोडसाठी तयार करायचीय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की पंचवीसेक वर्षं जुनी फोर बाय फोर घेतलीय, पार्ट टाइम सिस्टीम (एरवी दोनच चाकं ओढतात, फोर बाय फोर हवं तेव्हा लावायचं), पुढेमागे सॉलिड एक्सल (दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर), आणि यादी तयार आहे: चार इंच लिफ्ट (म्हणजे बॉडी तितकी उंच करणं), ३३ इंची मड टायर, स्नॉर्कल (इंजिनला वरून हवा देणारा पाइप), विंच (रोप गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र), छतावर कॅरियर, एलईडी बार. यातलं आधी काय लावू, असा प्रश्न आहे. खरं सांगू का, सध्या ती यादी खिशात ठेवा आणि गाडीखाली शिरा. जुन्या गाडीत कुठलाही एक भाग दणकट केला की ताण कमी होत नाही, तो पुढच्या कमजोर भागावर जाऊन बसतो, आणि तो भाग आधीच पंचवीस वर्षं झिजलेला असेल तर बरोब्बर फोन लागत नाही अशा ठिकाणी तुटतो. म्हणून आधी गाडी कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती तशी करायची, तशीच थोडी चालवायची आणि मग काय कमी पडतंय ते बघायचं. यात गेलेले पैसे फोटोत दिसत नाहीत, म्हणून बरेच लोक हे टाळतात.

पहिलं काम चासी. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण चासी सडलेली असेल तर बाकी सगळा खर्च वाया. एक लहान हातोडा घ्या आणि पुढून मागेपर्यंत ठोकत जा, विशेष करून मागच्या पाट्यांचे किंवा आर्मचे ब्रॅकेट, शॉकअपचे माउंट, आणि स्टिअरिंग बॉक्स बोल्टने बसतो ती जागा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, आतून गंजलेल्या जागी बद्द येतो, आणि कधीकधी हातोडा सरळ आतच जातो. बॉक्स सेक्शन आतून गंजतो आणि बाहेरून काळा रंग एकदम झकास दिसतो, त्यामुळे नुकतंच अंडरकोटिंग केलेली गाडी विकायला आली की मला उलट जास्तच संशय येतो. पाणी निघायची भोकं चिखलाने बुजलेली असतात ती मोकळी करा, आतून धुवा, पूर्ण वाळू द्या आणि लांब नळीने आत वॅक्स मारा. डिफेंडरवाल्यांना वाटतं की बॉडी ॲल्युमिनियमची म्हणजे गंजाचं टेन्शन नाही, पण तिची चासी आणि बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली भिंत) स्टीलचेच आहेत, आणि स्टील-ॲल्युमिनियम जिथे चिकटतात तिथे ओलाव्याने ॲल्युमिनियम खायला लागतं. जुनी जीप चेरोकी एक्सजे असेल तर तिला वेगळी चासीच नाही, मोनोकॉक आहे, मोठ्या टायरचा आणि लिफ्टचा मार थेट बॉडीवर बसतो, म्हणून लोक तिच्या खालच्या रेल्सना जाड पट्ट्या वेल्ड करून घेतात.

मग स्टिअरिंग. याची एक फुकटची टेस्ट आहे आणि ती करायला दोघं लागतात. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड, इंजिन चालू. एकाने आत बसून स्टिअरिंग दोन बोटं डावीकडे, दोन बोटं उजवीकडे असं भराभर हलवत राहायचं, दुसऱ्याने बाजूने टॉर्च घेऊन प्रत्येक जॉइंट बघायचा, आणि ज्यावर संशय येईल तो हाताने धरायचा. टाय रॉड एंड ढिला असेल तर एक रॉड हलतो आणि दुसरा किंचित उशिरा हलतो, हाताला टक् असं जाणवतं. पॅनहार्ड रॉडचं (एक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) बुश गेलं असेल तर अख्खा एक्सल बाजूला सरकताना दिसतो, आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट ढिले असतील तर बॉक्सच चासीवर हलतो. सॉलिड एक्सलच्या गाड्यांचं पुढचं टोक एखाद्या खड्ड्यावरून गेल्यावर थरथरायला लागतं आणि गाडी जवळपास थांबवल्याशिवाय थांबतच नाही, तो प्रकार बहुतेक वेळा याच सगळ्याची थोडी थोडी बेरीज असतो. लोक त्यावर नवीन स्टिअरिंग डॅम्पर लावतात, महिना-दोन महिने बरं वाटतं, दुखणं तिथेच राहतं.

नंतर पुढची चाकं जॅकवर घ्या (स्टँड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा नको) आणि टायर वर-खाली धरून हलवा. प्ले असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिनचं (चाक ज्यावर वळतं तो खुंटा) बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. लँड क्रूझर ८० सिरीज, जुन्या सुझुकी, निसान पॅट्रोल अशा गाड्यांत चाक वळतं तिथे एक मोठा गोल गोळा असतो आणि आत ग्रीसमध्ये सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही त्याला ताकद पोचवणारा सांधा). आतलं ऑइल सील गेलं की डिफरेन्शियलचं (एक्सलच्या मधली, वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) ऑइल त्या गोळ्यात येतं, ग्रीस पातळ होऊन काळं पाणी टायरच्या आतल्या बाजूला ओघळायला लागतं. नुसतं बाहेरचं सील बदलून हे थांबत नाही, पूर्ण उघडून साफ करून बेअरिंग-सील नवीन टाकावंच लागतं. काम घाणेरडं आहे, दिवस जातो, पण ते झाल्यावर गाडी इतकी वेगळी चालते की लिफ्टची आठवणही येत नाही.

सगळी ऑइलं बदला, मागच्या मालकाने काहीही सांगितलेलं असो. आणि आधी भरायचा बोल्ट उघडून बघा मग खालचा उघडा, नाहीतर ऑइल सगळं बाहेर आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला, गाडी तिथेच. ड्रेन बोल्टला मॅग्नेट असेल तर त्यावर करडी पेस्ट चालते, तुकडे चालत नाहीत. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी ड्रेन बोल्ट हळूच सैल केला की आधी पाणी येतं, ते ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसलेलं असतं. ऑइल पांढुरकं दुधाळ आलं तरी अर्थ तोच. डिफरेन्शियलला साधारणपणे जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं, पण बऱ्याच जुन्या गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेलं असतं, कारण जीएल-५ मधली ॲडिटिव्ह पितळी सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) रिंगांना मानवत नाहीत, तेव्हा दोन्हीकडे एकच डबा ओतू नका, मॅन्युअल बघा.

पाणी आत जातं कसं, तर एक्सलचं हौसिंग चालून चालून गरम झालेलं असतं, थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड) बुजलेला किंवा पाण्याखाली असेल तर सीलमधून पाणी खेचते. उपाय म्हणजे चारही ब्रीदरना (दोन एक्सल, गिअरबॉक्स आणि ताकद पुढे-मागे वाटणारी ट्रान्सफर केस) लांब नळी लावून ती इंजिनच्या वरच्या भागात नेऊन बांधायची. जुन्या गाडीला एकच मॉडिफिकेशन करायचं झालं तर मी हे करेन.

फोर बाय फोर लागतंय का ते मऊ जमिनीवर बघा, कोरड्या डांबरावर कधीच नाही. पार्ट टाइम सिस्टीमला मधलं डिफरेन्शियल नसतं, वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतात, डांबरावर त्यांना घसरायला जागा मिळत नाही आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो, मग लिव्हर निघत नाही. तसं झालंच तर थोडं सरळ रिव्हर्स घ्या, बहुतेक वेळा सुटतो. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकून काही अंतर चालवा, म्हणजे पुढच्या एक्सलमध्ये ऑइल फिरतं. जिम्नीसारख्या गाडीत पुढचे हब (पुढची चाकं त्यांच्या शाफ्टला जोडणारे) व्हॅक्यूमवर लागतात आणि जुन्या रबरी नळ्या चिरल्या की लागतच नाहीत, लोक ट्रान्सफर केसला शिव्या घालतात आणि दोष नळीचा निघतो. ती कटकट कायमची नको असेल तर हाताने फिरवायचे हब मिळतात.

आता टायर, कारण खरा फरक इथे पडतो. ऑल-टेरेन घ्या. मड टायर फक्त चिखलात भारी, ओल्या डांबरावर ब्रेक लांबतो आणि आवाज डोकं उठवतो. साइजचं गणित सोपं आहे: २३५/७५ आर १५ टायर साधारण ७३३ मिमी उंच, ३१ इंची ७८७ मिमी, फरक ५४, त्याच्या निम्मे म्हणजे २७ मिमी तुमचं डिफरेन्शियल जमिनीपासून वर येतं. हे लिफ्टने कधीच मिळत नाही, लिफ्टने बॉडी वर जाते, एक्सल तिथेच राहतो. पण त्याच ३१ इंची टायरने गिअरिंग सात टक्क्यांनी लांब होतं, आणि मीटर पूर्वी बरोबर असेल तर ते १०० दाखवताना तुम्ही १०७ वर असता. ३३ इंची घेतला तर हे चौदा टक्क्यांवर जातं, चढावर फर्स्ट लो (सगळ्यात ताकदीचा गिअर) सुद्धा कमी पडायला लागतो, क्लच जळतो, ब्रेकला जास्त जोर लागतो आणि मग क्राऊन-पिनियन (डिफरेन्शियलचे मुख्य गिअर) बदलायचा खर्च येतो. म्हणून तुमच्या गाडीला एक साइज मोठा पुरे.

आणि हवा! रस्त्यावर ३२ असेल तर दगडधोंड्यांच्या वाटेवर २४-२५, मऊ वाळूत १५ ते १८ पीएसआय. हवा कमी केल्यावर टायर रुंद होतो असं सगळे म्हणतात, खरं तर त्याचा जमिनीला टेकलेला भाग मुख्यतः लांब होतो, आणि वजन पसरलं की गाडी रुतत नाही. फक्त वेग कमी ठेवा, झटकन वळू नका, नाहीतर टायर रिमवरून उतरतो, आणि डांबरावर यायच्या आधी परत भरा. म्हणजे एक चांगला प्रेशर गेज आणि कंप्रेसर, हे दोन्ही तुमच्या यादीत नव्हतेच.

लिफ्ट करायचीच असेल तर दोन इंच. चार इंचाला स्प्रिंग आणि शॉकअपपुरतं काम थांबत नाही. पुढे रेडियस आर्म (एक्सलला चासीशी जोडणारे लांब दांडे) असतील तर लिफ्टने एक्सल फिरतो, कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या खुंट्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टिअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं आणि गाडी रस्त्यावर भटकते. पॅनहार्ड रॉड ठरलेल्या लांबीचा असल्यामुळे एक्सल एका बाजूला सरकतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस (त्याचे सांधे) लवकर जातात. ब्रेकच्या रबरी नळ्या पूर्ण ताणल्या जातात, आणि मागे लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असेल तर बॉडी वर गेल्यामुळे त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. ही शेवटची गोष्ट कुणी सांगत नाही. यातलं प्रत्येक दुरुस्त करता येतं, पण किटच्या जाहिरातीत जी किंमत असते ती हे सगळं सोडून असते.

डिफरेन्शियल लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरायला लावणारा) मात्र लिफ्टपेक्षा कितीतरी उपयोगाचा. ओपन डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, एक चाक हवेत गेलं की दुसऱ्यालाही जवळपास शून्य, मग गाडी कितीही उंच असो. मागे एक लॉकर, हवेवर चालणारा किंवा केबलचा, म्हणजे पाहिजे तेव्हाच लागेल असा. पुढे नंतर, आणि लावलात तर लॉक करून पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, सीव्ही जॉइंट तिथेच जातो.

विंचच्या आधी रिकव्हरी पॉइंट, म्हणजे अडकलेली गाडी ओढायला पट्टा लावायची जागा. चासीला मोठ्या बोल्टने बसवलेले, रेटिंग असलेले, पुढे आणि मागे. टो बॉलला (ट्रेलर जोडायचा गोळा) पट्टा अडकवून ओढणं म्हणजे सरळ जिवाशी खेळ, तो तुटून गोळीसारखा उडतो आणि त्यात माणसं मेलेली आहेत. जहाजावर गाडी बांधायची जी कडी खाली असते तीही यासाठी नाही. झटका देऊन ओढायला ताणणारा कायनेटिक रोप लागतो, विंचचा रोप किंवा झाड वाचवायचा पट्टा त्यासाठी वापरू नका. विंच घ्याल तेव्हा भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमतेची, आणि लक्षात ठेवा की लिहिलेली क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थरालाच मिळते, रोप गुंडाळलेला असेल तितकी कमी. पुली अडकवली तर ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा.

स्नॉर्कलमुळे गाडी पाणबुडी होत नाही. एअर बॉक्सपर्यंतचा प्रत्येक जोड सील नसेल तर तो फक्त शोभेचा पाइप आहे. हवा वरून आली तरी पंख्याची पाती पाण्यात वाकून रेडिएटरला लागू शकतात, अल्टरनेटर भिजतोच. खोल पाण्यात उतरायचा तुमचा विचार नसेल तर सोडून द्या, धुळीच्या वाटेवर मात्र थोडा फायदा होतो. छतावर कॅरियर लावून वर जेरीकॅन आणि स्पेअर टायर चढवले तर आडव्या उतारावर गाडी कलायला वेळ लागत नाही, जड सामान खाली आणि मध्ये. एलईडी बार लावा हवा तर, पण रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज लावून, जुन्या हेडलाइटच्या वायरला जोड मारून नाही. त्याच्या आधी बॅटरीची अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं घासून परत लावा, अर्धे इलेक्ट्रिकचे भुताटकीचे प्रकार तिथेच संपतात.

ऑफ-रोडहून परत आल्यावर खालून धुवा, ड्रम ब्रेक असतील तर ड्रम काढून आतला चिखल काढा, आणि ग्रीस गन घेऊन प्रोपेलर शाफ्टच्या प्रत्येक निपलमध्ये नवं ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरा, पाण्यातून गेला असाल तर त्याच दिवशी. महत्त्वाच्या बोल्टवर घट्ट केल्यानंतर रंगाची एक रेघ मारून ठेवा, बोल्ट आणि ब्रॅकेट दोन्हींवर आडवी, मग ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावायलाही नको.

गाडी नक्की कोणती आणि पुढे पाटे आहेत की कॉइल ते लिहा, पाटे असतील तर रेडियस आर्म आणि कॅस्टरबद्दल वर जे लिहिलंय ते बरंचसं तुम्हाला लागू नाही, मग शॅकल आणि बुशबद्दल वेगळं सांगतो.