दंडाची पाटी काढा, चादरी वाचतील

ताई, तुम्ही लिहिलंय की जळगावातला वरचा मजला दिवसाच्या भाड्याने द्यायला लागल्यापासून पाच महिन्यांत चार चादरी आणि सहा टॉवेल गेले, आणि आईच्या हातच्या गोधडीवर शेवभाजीची तर्री सांडली. आता ‘डाग पडल्यास ५०० रुपये दंड’ अशी पाटी लावावी का, असं विचारलंय. मी फैजपूरला नऊ वर्षं दोन खोल्या पाहुण्यांना देते. पहिल्या वर्षी अशीच पाटी मीही लावली होती. त्या वर्षीएवढे कपडे नंतर कधीच खराब झाले नाहीत.

दंड वाचला की माणूस डाग लपवतो. रक्ताचा डाग पडलेली चादर मला गादीखाली घडी करून ठेवलेली सापडली, तीही पाहुणे गेल्यावर. तोवर डाग वाळून तपकिरी झाला होता. आणखी एकीने भीतीपोटी गरम पाण्याने घासघास घासली. गरम पाण्याने रक्त धाग्यात आणखी पक्कं बसतं. तोच डाग ताजा असताना गार पाण्यात अर्धा तास भिजवला असता तर बहुतेक निघून गेला असता. मग मी पाटी बदलली: ‘डाग पडला तर संकोच करू नका. चादर गार पाण्याच्या बादलीत टाका आणि आम्हाला सांगा. पैसे लागणार नाहीत.’ न्हाणीघरात झाकणाची बादली ठेवली. पहिल्याच महिन्यात दोघींनी आपणहून येऊन सांगितलं. दोन्ही चादरी आजही वापरात आहेत.

दुसरं म्हणजे खोलीत बसून जेवायची सोय आहे का ते बघा. रात्री पाहुणा शेवभाजी नाहीतर भरीत-भाकरीचं पार्सल घेऊन येतो. खोलीत टेबल नाही, मग तो बसणार कुठे? पलंगावरच. मी घडीचं टेबल, दोन स्टूल, चार ताटं आणि भिंतीला टेकवून चटई ठेवली. तर्रीचे डाग जवळजवळ थांबले. हीच गोष्ट टॉवेलची. पावसाळ्यात काळ्या मातीत बूट भरतात, पुसायला हाताशी असतो तो आपला टॉवेल. दाराशी जुन्या साडीची फडकी टांगा आणि वर ‘बूट पुसायला’ असं मोठ्या अक्षरात लिहा. माती लागलीच तर ओली असताना चोळू नका. वाळू द्या, झटका, मग धुवा.

काजळ आणि लिपस्टिकसाठी प्रत्येकीला एक छोटा गडद नॅपकिन द्या. बाकी टॉवेल मात्र पांढरेच घ्या. मुरुमांच्या काही मलमांत बेंझॉइल पेरॉक्साइड असतं, ते रंगीत टॉवेलचा रंगच उडवतं. असे नारिंगी-पांढरे ठिपके कितीही धुतले तरी जात नाहीत, कारण तो डाग नसतोच.

लग्नसराईत मेंदीचे हात घेऊन मुली झोपतात, तेव्हा मी पांढरं सगळं काढून जुन्या मरून चादरी आणि अभ्रे घालते. आमच्याकडे केळीचे व्यापारी उतरतात, त्यांनाही हाच संच. केळीचा चीक कापडावर आधी दिसत नाही, नंतर काळा पडतो आणि मग माझ्या कुठल्याच उपायाला दाद देत नाही.

खरेदीत एवढंच: साधी सुती, एकाच दुकानातली, एकाच पांढऱ्या रंगाची चादर, पलंगामागे तीन जोड. एक गेली तर एकच बदलता येते. गादीला पाणी न शोषणारं कव्हर हवंच, पण वरचा थर सुती असलेलं बघा. नुसत्या प्लॅस्टिकवर आपल्या मे महिन्यात कुणालाही झोप लागणार नाही. अभ्र्याच्या आत साधा दुसरा अभ्रा चढवा, म्हणजे डोक्याचं तेल उशीपर्यंत जात नाही.

ब्लीच जपून वापरा. लोखंडी तारेच्या गंजाच्या डागावर ते घातलं तर डाग उलट गडद होतो, तिथे लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवा. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. कामाला येणाऱ्या बाईंनाही हे नीट सांगा, त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

अनामत मी घेत नाही. चादरीच्या किमतीसाठी जाताना पाहुण्याशी वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही. जळालेली गादी, फाटलेला पडदा ही गोष्ट वेगळी. तिथे धुण्याआधी, हलवण्याआधी फोटो काढा. घर एअरबीएनबीवर, म्हणजे दिवसाच्या भाड्याने घर देण्याच्या ॲपवर असेल तर पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत भरपाई मागावी लागते.

आता गोधडी. ती खोलीत ठेवायचीच नव्हती, ताई. जे पुन्हा आणता येणार नाही ते पाहुण्यांच्या खोलीत मी ठेवत नाही. माझ्या सासूबाईंची गोधडी माझ्याच कपाटात असते. पण तुमची अजून गेली असं समजू नका. आधी डागावर बेसन पसरून तासभर ठेवा, तेल ओढून घेईल. झटकून भांड्याच्या साबणाचे दोन थेंब बोटाने हलके चोळा आणि गार पाण्याने धुवा. साबण लागताच हळद लाल होऊ शकते. घाबरू नका, खळबळून काढलं की परत पिवळी होते. उरलेला पिवळेपणा उन्हाने जातो. तेवढाच भाग उघडा ठेवा, बाकी गोधडी जुन्या चादरीने झाका, नाहीतर तिचे रंग उडतील. दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री लावू नका. आणि आतमध्ये जुन्या साड्यांचे थर असतील तर दोरीवर लोंबकळत टाकू नका, ओल्या वजनाने टाके तुटतात. गच्चीवर चटई टाकून आडवी वाळवा.