बायबल कॉलेज निवडताना पदवी बघायची की शिकवण?

प्रश्न : आम्ही नागपूरच्या सदरमध्ये राहतो, चर्च सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). मुलगा बी.ए. झाला, आता बी.डी. (पाळक होण्यासाठीची ईशशास्त्राची पदवी) करायचं म्हणतो. वर्षभरापासून एका बायबल अभ्यासवर्गाला जातो. तिथून सात युगांची शिकवण घेऊन आला आणि आता लहानपणीचा आपला बाप्तिस्मा खरा नव्हे म्हणतो. त्याच वर्गाच्या बायबल कॉलेजात जायचा हट्ट आहे. काय करावं? – एक वडील

उत्तर : नमस्कार भाऊ,

बाप्तिस्मा खरा की नाही, हे पाळकसाहेबांचं काम. त्यात मी पडत नाही. पण तुमचा कॉलेजचा प्रश्न नेमका याच वादात अडकलाय.

मुलगा शिकतोय ती डिस्पेन्सेशनल शिकवण. देव युगायुगांत माणसाशी वेगवेगळ्या व्यवस्थेने वागतो, इस्राएल वेगळं आणि मंडळी (म्हणजे ख्रिस्ती विश्वासणारे) वेगळी, असं ती मानते. ती एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकांनी मांडली आणि 1909 च्या स्कोफिल्ड बायबलने घरोघर नेली. त्यात टिपा वचनांच्याच पानावर छापलेल्या, त्यामुळे वचन कुठलं नि टीप कुठली हे वाचणाऱ्याच्या ध्यानातच राहत नाही! याउलट सीएनआयमध्ये सामील झालेली प्रेस्बिटेरियन ही प्रॉटेस्टंट परंपरा सगळ्या शास्त्रात कृपेचा एकच करार बघते. म्हणून उत्पत्ति 17 मधली आठव्या दिवसाची सुंता आणि बाळाचा बाप्तिस्मा तिला एकाच धाग्यातले वाटतात. गंमत म्हणजे खुद्द डार्बींना विश्वासणाऱ्यांच्या लेकरांचा बाप्तिस्मा मान्य होता.

प्रेषितांची कृत्ये 16 मधला, पौलाचं ऐकून विश्वास ठेवणारा फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी घ्या. एक पक्ष 33 व्या वचनावर बोट ठेवतो : त्याच्यासकट घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला, मग लेकरं कशी वगळता? दुसरा 32 आणि 34 दाखवतो : वचन सगळ्यांना सांगितलं, आनंद सगळ्या घराला झाला, म्हणजे सगळे ऐकण्या-समजण्याच्या वयाचे होते. उतारा तोच. आणि 29 नोव्हेंबर 1970 ला सीएनआय स्थापन झाली ती आपल्या नागपुरातच. तिच्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आले तसे फक्त विश्वास कबूल करणाऱ्यांना देणारे बाप्टिस्टही आले, म्हणून तिथे बालकांचा आणि विश्वास कबूल करून घेतलेला, असे दोन्ही बाप्तिस्मे चालतात. हे पोराला सांगा, पण भांडून नको.

आता कॉलेज. शिकवण आज पटते, उद्या बदलेल. पदवी जन्मभर बायोडेटावर राहते. त्या कॉलेजची पदवी कोणाशी संलग्न आहे, ते लेखी मागा. सीएनआयमध्ये पाळक व्हायचं असेल तर कोणती पदवी चालते, हे आधी बिशप कार्यालयात विचारा. सेरामपूर सिनेट या ईशशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या संस्थेची बी.डी. देणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी पुण्यात आहे. 1983 पर्यंत ती आपल्या यवतमाळलाच होती. पुढे एम.टीएच. (बी.डी.नंतरची पदवी) करून शिकवायचं किंवा बायबल भाषांतरात जायचं, तर ग्रीक-हिब्रू किती शिकवतात ते बघा. लायब्ररीत विरुद्ध मताची पुस्तकं आहेत का? असलीच, तर फक्त खोडून काढायला ठेवलीत का, तेही विचारा. माझ्या मते हा प्रश्न फीपेक्षा मोठा.

फॉर्म भरण्याआधी मुलाला एक काम द्या. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या बाजूने दोन पानं लिहायची, अशी की वाचून पाळकसाहेब म्हणतील, ‘हो, आमचं म्हणणं हेच.’ लिहिताना चिडचिड झाली, तर यंदा प्रवेश नको. जमलं, तर पोरगं कोणत्याही सेमिनरीत टिकेल. मग फीसाठी अडवू नका.