उंदरांसाठी टेरियर: पिल्लाआधी त्याची आई बघा

ठिबकच्या नळ्या कुरतडणारे उंदीर, खळ्यावरच्या घुशी आणि त्यांच्यावर उपाय म्हणून टेरियर, या विषयावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून प्रश्न आलेत. टेरियर म्हणजे बिळातल्या जनावरामागे जमिनीत शिरणारी, मुळात ब्रिटनमध्ये जोपासलेली छोटी कुत्री. जॅक रसेल, बॉर्डर, लेकलँड, पॅटरडेल ही त्यांतली काही नावं. आपल्याकडे मिळतं ते बहुतेक जॅक रसेल, किंवा त्या नावाखाली विकलं जाणारं काहीतरी.

प्रश्न (पारोळा): नाशिकला एकाकडे जॅक रसेलची सहा पिल्लं आहेत, दीड महिन्याची. तो म्हणतो, लवकर या, हवं ते उचला. मला शेतावर उंदीर मारायला हवं आहे. कोणतं निवडू? चुकलं तर पैसा बी जाई अन् कुत्रं बी.

आप्पा, आधी दोन आठवडे थांबा. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्राचे २०१७चे नियम आहेत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला त्यांत मनाई आहे. हेच दिवस असतात जेव्हा पिल्लं एकमेकांना चावून चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतात. लवकर उचललेलं पिल्लू पुढे घरातल्या लेकरांचे हात फोडतं.

तिथे गेल्यावर पिल्लांकडे लगेच बघू नका, आईकडे बघा. तिने कधी उंदीर मारलाय का? हो म्हणाले, तर दाखवा म्हणा. ती पिल्लांतून मोकळी झाल्यावर पहाटे कडब्याच्या गंजीपाशी सोडलेली बघितली की लगेच कळतं. चांगली कुत्री उंदीर धरते, झटका देते, टाकते आणि पुढच्याकडे वळते. मेलेला उंदीर तोंडात घेऊन अंगणभर मिरवणारी कुत्री घरात गोड वाटते, पण तेवढ्यात बाकीचे चार पळालेले असतात. बापाबद्दलही हेच विचारा. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, काम सांगत नाही. प्रदर्शनातली बक्षिसं ठेवणीला आणि चालीला मिळतात. कामावर पारखून टेरियरची पैदास करणारे आपल्याकडे मला विरळाच दिसलेत, म्हणून तर आईबापांना कामावर बघणं एवढाच भरवशाचा मार्ग उरतो.

ही जात ज्याच्या नावाने ओळखली जाते तो जॉन रसेल हा इंग्लंडमधल्या डेव्हनचा पाद्री. १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्याने एका दूधवाल्याकडून ट्रम्प नावाची पांढरी कुत्री घेतली, आणि तिच्यापासून पुढची पैदास झाली. त्याला कोल्हा मारणारं कुत्रं नको होतं. बिळात जाऊन भुंकून कोल्ह्याला बाहेर काढणारं हवं होतं, म्हणजे बाहेरच्या घोडेस्वारांना पाठलाग करता येईल. हे सांगतो कारण आपल्याकडे टेरियर म्हटलं की लोक सगळ्यात आडदांड पिल्लू शोधतात. जातिवंत टेरियरमध्ये धीर आणि डोकं दोन्ही लागतं. नुसता आडदांड घुशीच्या एकाच बिळात ओठ फाडून घेतो आणि महिनाभर खाटेखाली पडून राहतो.

आता पिल्लं. दोरीला उंदराचं वाळलेलं कातडं बांधून जमिनीवरून ओढा. सगळ्यात आधी कोण झेपावतं ते महत्त्वाचं नाही. कातडं पोत्याखाली लपवल्यावर नाक लावून शोधत कोण राहतं ते बघा. दोन वेळा हरवल्यावर तिसऱ्यांदा परत येणारं पिल्लू माझ्या पसंतीचं. मग मागे स्टीलची ताटली पाडा. दचकलं तरी चालेल, पण दचकून कोपऱ्यात बसलेलं आणि मिनिटभराने तरी ताटलीकडे न आलेलं नको. शेवटी पिल्लाला उताणं धरा. थोडं धडपडून शांत झालं तर पुढे माणसाचं ऐकेल. सलग किंचाळत राहिलं, किंवा रागाने चावायलाच उठलं, तर सोडून द्या.

तीन गोष्टी जनावरांच्या डॉक्टरांकडून बघून घ्या. पहिली, कान: अंगावर पांढरं जास्त असलेल्या पिल्लांत जन्मतः बहिरेपण आढळतं, म्हणून पिल्लू पाठमोरं असताना टाळी वाजवून बघाच. पण टाळीने एका कानाचा बहिरेपणा कळत नाही. दुसरी, जबडा: वरचे पुढचे दात खालच्यांना जेमतेम झाकून बसायला हवेत. तिसरी, मागच्या पायांच्या गुडघ्यांच्या वाट्या, त्या जागेवरून सरकत असतील तर नको. डोळ्यातलं भिंग जागेवरून निसटण्याचा आनुवंशिक आजार टेरियरांत आहे. तो साधारण तीन ते आठ वर्षांच्या वयात उमटतो, म्हणजे पिल्लात दिसणारच नाही. आईबापाची त्यासाठीची जनुक चाचणी झालीय का, एवढं विचारा. 'असली चाचणी असते होय?' असं उत्तर आलं तर निदान आजी-आजोबांचे डोळे शेवटपर्यंत कसे होते ते विचारा.

प्रश्न (रावेर): केळीत उंदीर उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या फोडतात. आम्ही झिंक फॉस्फाइडचं आमिषही टाकतो. दोन्ही एकत्र चालेल का?

नाही. एक तर विष, नाहीतर कुत्रं. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार करतं, आणि त्यावर उतारा नाही. विष खाऊन मेलेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तरी धोका असतो. चुकून खाल्लंच तर दूध-भाकरी मुळीच देऊ नका, अन्न पडलं की आम्ल वाढतं आणि वायूही. गाडीच्या काचा उघड्या ठेवून थेट दवाखाना गाठा, कारण कुत्र्याच्या उलटीतून येणारा वायू माणसालाही बाधतो. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या उंदीरविषाच्या वड्यांचं वेगळं: कुत्रं दोन-चार दिवस ठणठणीत दिसतं, मग हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. त्यावर व्हिटॅमिन के-१ चालतं, पण काही आठवडे द्यावं लागतं. शेजाऱ्याच्या बांधावर काय टाकलंय तेही विचारत जा. नळ्या फोडणारा उंदीर पुष्कळदा पाण्यासाठी येतो. बांधाच्या कडेला एखादं पाण्याचं भांडं ठेवलं आणि तिथेच पहाटे कुत्रं आणलं, तर शिकार आयती मिळते.

प्रश्न (नवापूर): पोल्ट्रीच्या शेडमध्ये अंडी आणि खाद्य दोन्हीवर उंदीर आहेत. टेरियर कोंबड्यांना सोडेल का?

आपोआप सोडणार नाही. फडफडणारं काहीही टेरियरला शिकारच वाटतं. आठव्या आठवड्यापासून त्याला रोज पट्ट्याला बांधून शेडमधून फिरवा, कोंबडीकडे ताणलं की शांतपणे मागे घ्या, दुर्लक्ष केलं की खाऊ द्या. तरीही मोकळं सोडायचं ते कोंबड्या बंद असतानाच, तेही शेडच्या बाहेरून, भिंतीच्या कडेकडेने. उंदीर तिथूनच आत-बाहेर करतो. पक्के दात साधारण सहा-सात महिन्यांत येतात, त्याआधी जिवंत उंदरावर सोडू नका. आणि सुरुवात घुशीवर नको. किलोभराची घूस कोवळ्या कुत्र्याला असा चावा घेते की ते पुढे बिळाकडे वळतच नाही.

मेलेले उंदीर हातमोज्याने उचला. त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही. ताप, उलट्या, डोळे पिवळे दिसले तर वाट बघत बसू नका.

प्रश्न (यावल): आम्हा मित्रांना दोन टेरियर घेऊन सातपुड्याच्या बाजूला ससे आणि रानडुकरं काढायची आहेत. नर-मादी जोडी घ्यावी का?

जोडी घेऊ नका आणि हा बेतही नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जनावराला हाकणं, त्याच्या मागे लागणं हेही शिकारीतच मोडतं. ससा, साळिंदर, कोल्हा, रानडुक्कर, सगळ्यांना तो लागू आहे, आणि यावल अभयारण्याच्या हद्दीत शिकार केली तर किमान तीन वर्षांची शिक्षा आहे. रानडुकराने पीक खाल्लं असेल तर वनविभागाकडे पंचनामा आणि भरपाईचा अर्ज करा. कायदा बाजूला ठेवला तरी, सहा किलोचं कुत्रं रानडुकरापुढे सोडणं म्हणजे त्याचं पोट फाडायला देणं. इंग्लंडमध्येही कुत्र्यांनी कोल्हे मारण्यावर २००४च्या कायद्याने बंदी आली, उंदरांना मात्र त्यातून वगळलंय. म्हणजे उंदरांवर टेरियर सोडणं तिथेही चालतं. तुम्हाला हौसच असेल तर यावल-चोपड्याच्या गोदामांत, पऱ्हाटीच्या ढिगांत काम भरपूर आहे, आणि मालक चहाही पाजतील.

प्रश्न (शहादा): टेरियर साप मारतं, खरं का?

मारायला बघतं, तीच तर काळजी आहे. ते मागे हटत नाही. बिळं उकरणारं कुत्रं आपल्याकडे नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांच्यासमोर कधी ना कधी येतंच. पावसाळ्यात बिळावर सोडण्याआधी तोंड बघा. ताजी भुसभुशीत माती बाहेर टाकलेली असेल, किंवा मातीचा बूच असेल, तर आत उंदीर आहे. गुळगुळीत, जुनं, माती नसलेलं तोंड असेल, आसपास कात दिसली, तर तिथून पट्टा धरून पुढे व्हा. चावा झालाच तर जखम कापणं, चोखणं, घट्ट बांधणं यांत वेळ न घालवता कुत्र्याला उचलून न्या, चालवू नका. आपल्याकडचं सर्पविषावरचं इंजेक्शन या चारही सापांवर एकच आहे, पण ते जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात आहे का हे कुत्रं आणण्याआधी विचारून ठेवा. धामण दिसली तर कुत्र्यालाच आवरा, ती तुमचंच काम करतेय.

प्रश्न (जळगाव): फ्लॅटमध्ये जॅक रसेल ठेवला तर? रंग कोणता चांगला?

ताई, कामाच्या वंशातलं पिल्लू फ्लॅटमध्ये नको. काम नाही मिळालं की ते सोफ्यात बीळ काढतं. रंगाचं मनावर घेऊ नका. तिकडे पांढरा रंग आवडता होता तो कुत्रं कोल्ह्यापासून लांबूनही वेगळं ओळखू यावं म्हणून. आपल्या मे महिन्यात पांढऱ्या कुत्र्याचं नाक आणि पोट मात्र लवकर भाजतं. शेतावरही एप्रिल ते जून काम सूर्य उगवायच्या आतच उरका. धापा थांबेनात, हिरड्या लालभडक झाल्या, तर साधं पाणी ओतून पंख्याखाली घ्या आणि दवाखान्यात न्या.

प्रश्न (साक्री): एवढे पैसे नाहीत. कांद्याच्या चाळीला गावठी चालेल का?

चालेल, आणि पुष्कळदा बरंच. चाळीत उंदीर टिपणारी गावठी कुत्री पंचक्रोशीत कुठे व्याली असेल तर तिचं पिल्लू घ्या. ऊन तिला आपल्याइतकंच ओळखीचं असतं, आणि आई कामाची आहे हे तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं असतं. मोबाईलवर फोटो बघून आगाऊ पैसे पाठवलेल्या 'कामाच्या जॅक रसेल'पेक्षा हे केव्हाही भरवशाचं. पिल्लू गावठी आहे म्हणून लसी टाळू नका. सहा-आठ आठवड्यांपासून पार्वो आणि डिस्टेंपरचे डोस सुरू करा, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांनी देत राहा. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. लेप्टोचे दोन डोस, मग दरवर्षी एक. गोचीड रोज हाताने चाचपा, विशेषतः कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत. चाळीत काम करणाऱ्या कुत्र्याला ताप येऊन हिरड्या पांढुरक्या पडल्या तर बहुधा गोचीडताप असतो. त्याचं निदान रक्त तपासून होतं आणि औषधाने बरा होतो, फक्त उशीर करायचा नाही.