मानसिक आरोग्य सेवांवर पीएचडी करताय? फॉर्म फिरवायच्या आधी विचारा

पीएचडीबद्दलचे तेच ते प्रश्न परत परत येतायत, म्हणून यावेळी एकत्रच घेतो.

प्रश्न: मी डॉक्टर नाही, समाजकार्यात मास्टर्स केलंय. मानसिक आरोग्य सेवांवर पीएचडी करता येईल का?

येईल. या क्षेत्रात नर्सेस, समाजकार्यवाले, अर्थशास्त्रवाले सगळेच रिसर्च करतात. फक्त पात्रता प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते, तेव्हा कुणाच्या ओळखीतल्या कुणाला काय सांगितलं ते राहू द्या, प्रवेश विभागाला लेखी विचारा.

प्रश्न: पीएचडी झाल्यावर स्वतःचं क्लिनिक टाकता येतं ना?

नाही. ती रिसर्चची डिग्री आहे, पेशंट बघायची नोंदणी वेगळी असते. ती देणाऱ्या कौन्सिललाच विचारा, क्लासवाल्याला नको.

प्रश्न: "तरुणांमधील नैराश्य" हा विषय ठरवलाय, पण गाइड म्हणतात फार मोठा आहे. काय करू?

गाइडचं ऐका. आणि मोठा आहे हे तर आहेच, पण हा आजाराचा विषय झाला, सेवेचा नाही. सेवा म्हणजे उपचारापर्यंत कोण पोचतं, किती दिवस थांबावं लागतं, पहिल्या भेटीनंतर लोक परत का येत नाहीत, उपचार देतं कोण आणि कुठे. गोव्यातला मानस नावाचा अभ्यास बघा, २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आला होता. त्यात साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना ट्रेनिंग देऊन समुपदेशक म्हणून दवाखान्यांत बसवलं, तर सरकारी केंद्रांतले पेशंट बरे होण्याचं प्रमाण वाढलं, पण खाजगी डॉक्टरांकडे मात्र तसा फरक दिसला नाही. पद्धत तीच, जागा बदलली आणि निकाल बदलला! हे असं का होतं, यात तुमची पीएचडी आहे. एकच केंद्र, एकच गट, एकच प्रश्न धरा आणि गाइडसमोर एका पानात मांडा.

प्रश्न: मी काउन्सेलर आहे. माझ्या सेंटरवरचे पेशंट घेतले, शिवाय गूगल फॉर्मवर पीएचक्यू-९ (नैराश्य मोजायची प्रश्नावली) ग्रुप्समध्ये टाकला, दोनशेच्या वर लोकांनी भरलाय. एथिक्स कमिटीची परवानगी आता घेतली तर चालेल का? सीनियर म्हणाला, सगळे नंतरच घेतात.

नाही चालणार. सीनियरला सांगा, त्याची सही कुठल्याच कमिटीवर नाहीये.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि दरवेळी डोकं फिरतं, म्हणून जरा सविस्तर. परवानगी म्हणजे फाइलला लावायचा कागद नाही, आणि होऊन गेलेल्या कामाला मागच्या तारखेने ती कमिट्या देत नाहीत. पीएचक्यू-९ तुम्ही स्वतः नीट वाचलाय का? नऊ प्रश्न, प्रत्येकी शून्य ते तीन गुण, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. पहिले आठ झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं असे, आणि नववा विचारतो की मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का. आता समजा रात्री दोन वाजता कुणीतरी तिथे "जवळजवळ रोज" वर टिक केलं. तुमच्या फॉर्मवर नाव नाही, फोन नाही, मदतीचा नंबर नाही, खाली येतं काय तर "आपला प्रतिसाद नोंदवला आहे, धन्यवाद". त्या माणसाने तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही एक्सेल शीटमध्ये ३ लिहिलं!! कमिटी हेच आधी विचारते, की असं उत्तर आलं तर कोण बघणार, किती वेळात, पुढे कुणाकडे पाठवणार.

दुसरं तुमच्या सेंटरचे पेशंट. ज्याचा उपचार तुमच्या हातात आहे तो तुम्हाला नाही म्हणेल का? म्हणूनच हेलसिंकी जाहीरनामा (माणसांवरच्या वैद्यकीय रिसर्चची नैतिक तत्त्वं, मूळ १९६४ चा, नंतर बऱ्याचदा सुधारलेला) सांगतो की पेशंट असा अवलंबून असेल तर संमती त्या नात्याबाहेरच्या माणसाने घ्यावी. आणि नकार दिला तरी उपचारात काही फरक पडणार नाही हे त्याला स्पष्ट सांगायचं असतं.

आता करायचं काय, तर फॉर्म आत्ता बंद करा. डेटा परस्पर डिलीट करू नका, वापरूही नका. गाइडला आणि कमिटीला झालं ते जसंच्या तसं सांगा, पुढचं ते ठरवतील. आणि नवव्या प्रश्नावर शून्याच्या वर उत्तर दिलेल्या ज्या कुणाशी संपर्क करता येतो, त्यांची यादी आजच सेंटरच्या मानसोपचारतज्ज्ञांना द्या, त्यासाठी कमिटीच्या मीटिंगची वाट बघू नका.

प्रश्न: एक एजन्सी सिनॉप्सिसपासून थिसिसपर्यंत सगळं करून देते, पेपर पंधरा दिवसांत छापून देण्याची गॅरंटी. घ्यावी का?

अजिबात नाही. पंधरा दिवसांत गॅरंटीने छापणारा तुमचा पेपर वाचत नाही, फक्त पैसे मोजतो. जर्नल खरं की खोटं हे तपासायला "थिंक, चेक, सबमिट" नावाची फुकट चेकलिस्ट ऑनलाइन आहे, आणि तुमच्या लायब्ररियनला विचारा, त्यांना या दुकानांची नावं पाठ असतात. थिसिस दुसऱ्याकडून लिहून घेतलेला उघड झाला तर डिग्री मिळाल्यानंतरही काढून घेतली जाऊ शकते.

प्रश्न: सॅम्पल ३० चा चालतो असं ऐकलंय.

ऐकलंय म्हणजे कुणाकडून? आकडा तुमच्या प्रश्नावरून आणि किती फरक पकडायचाय त्यावरून निघतो. मुलाखतींच्या अभ्यासात हिशोब आणखी वेगळा. स्टॅटिस्टिशियनकडे डेटा गोळा करायच्या आधी जा, नंतर गेलात तर तो फक्त काय चुकलं एवढंच सांगू शकतो.

प्रश्न: मला स्वतःला डिप्रेशन होऊन गेलंय. मी हा विषय घेऊ नये असं घरचे म्हणतात.

घ्यायला हरकत नाही. आजारातून गेलेली माणसं रिसर्च टीममध्ये असावीत असा आग्रह हल्ली बरेच फंड देणारेही धरतात. पण दिवसभर दुसऱ्यांच्या मुलाखती ऐकणं आणि रात्री त्याच टाइप करणं जड जातं, तेव्हा सुरुवात करायच्या आधी तुमच्या डॉक्टरांशी किंवा थेरपिस्टशी बोला. गाइडला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.

प्रश्न: गाइडकडे चॅप्टर चार महिने पडून आहे. विचारलं तर राग येईल का?

येऊ दे. मेल करा, तारीख मागा, उत्तर नाही आलं तर विभागाच्या रिसर्च कमिटीला लेखी कळवा आणि त्या मेल्स जपून ठेवा, मुदतवाढ मागताना लागतील.