गॅरेज गप्पा : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : १९७२ ची बुलेट ३५० घेतली. विकणारा म्हणाला इंजिन-गिअरबॉक्स सगळं कंपनीचंच आहे, पण गिअर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या. बॉक्स खरंच ओरिजिनल आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही, निदान जसा निघाला तसा तरी राहिलेला नाही. त्या काळात मद्रासहून आपल्याकडे यायच्या त्या बुलेटला अल्बियनचा ४-स्पीड बॉक्स असायचा, गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकी तीन खाली, मागचा ब्रेक डावीकडे. अल्बियन म्हणजे बर्मिंगहॅमची गिअरबॉक्सवाली कंपनी, इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डला तेच बॉक्स पुरवायचे आणि तेच डिझाइन पुढे मद्रासला आलं. याची सगळ्यात पक्की खूण म्हणजे उजवीकडे गिअर लिव्हरच्या जोडीला असलेला दुसरा छोटा लिव्हर, न्यूट्रल फाइंडर. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्यात असताना क्लच धरून टाचेने दाबला की गाडी थेट न्यूट्रल! सिग्नलला इतकी सोय मला आजच्या गाड्यांतही दिसत नाही.

आता तुमच्या गाडीत दोन शक्यता. एक, बॉक्स तोच जुना ४-स्पीड, फक्त दांडी टाकून गिअर डावीकडे नेलाय. दुसरी, २००० नंतर आलेला ५-स्पीड बॉक्स उचलून बसवलाय. आधी सरळ गिअर मोजा, चार की पाच. चार असतील तर वाकून बघा, उजवीकडच्या गिअरच्या शाफ्टपासून डावीकडे जाणारी लिंकेज दिसेलच. असं असेल तर जीवाला लावून घेऊ नका, लिव्हर परत उजवीकडे आणता येतो, पण ब्रेकचं पेडल आणि त्याची जोडणी पण बदलावी लागेल, तो खर्च धरा.

आतले गिअर कोणाचे हे बॉक्स न खोलता बघायचं असेल तर स्पार्क प्लग काढा, डिस्ट्रिब्युटरचं (ठिणगीची वेळ साधणाऱ्या डबीचं) झाकण काढा, मागच्या टायरला खडूची खूण करा आणि टॉप गिअरमध्ये गाडी ढकलत चाकाच्या चार फेऱ्यांत त्या डबीतला फिरणारा तुकडा, म्हणजे पॉइंटचा कॅम, किती फिरतो ते मित्राला मोजायला लावा, मग पहिल्या गिअरमध्ये तेच करा. ४-स्पीडमध्ये पहिल्याचा रेशो २.७८ आणि टॉप १ ला १, म्हणजे दुसरा आकडा पहिल्याच्या पावणेतीनपटीच्या किंचित वर यायला हवा. ५-स्पीडमध्ये तो तिपटीच्या थोडा पुढे जातो. स्प्रॉकेटचे (चेनच्या चाकांचे) दात किती हे माहीत नसलं तरी चालतं, कारण दोन्ही वेळी तेच असतात.

५-स्पीड निघाला तर हायवेला वाईट नाही, पण १९७२ ची ओरिजिनल म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका, दिले असतील तर जुना बॉक्स कुठाय ते विकणाऱ्याला विचारा. तो भंगारात जाता कामा नये.

प्रश्न : येझदीचा गिअर क्लच न धरताच पडतो, बॉक्स गेला का? (एक वाचक, नगर)

उत्तर : अजिबात नाही, जुन्या जावा-येझदी बनल्याच तशा. लिव्हर दाबला की तोच आतून क्लच सोडवतो, आणि तोच लिव्हर आत ढकलून वर फिरवला की किक होतो. तरी गिअर कडकड करत पडत असेल तर बॉक्सला हात लावण्याआधी क्लचचं अ‍ॅडजस्टमेंट बघून घ्या.